कच्च्या लिंबापासून आजीपर्यंत: हात हलवून खेळायचे व्हिडिओ गेम घरी सगळ्यांना कसे खेळवायचे

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे भाचे-पुतणे मिळून सात पोरं जमतात, सगळ्यात धाकटी साडेतीन वर्षांची, सगळ्यात मोठा १२ चा, शिवाय सासूबाई, माझी आई, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलेली मोठी मंडळी. हॉल १० बाय १४ फुटांचा. एवढ्या जागेत टीव्हीसमोर उभं राहून खेळायचे मोशनवाले गेम सगळ्यांना कसे खेळवायचे हे मला एका दिवसात नाही जमलं, तीन उन्हाळे गेलेत त्यात, म्हणून जे जे कळलं ते सगळं लिहून काढतेय. कोणाकडे वाढदिवस असेल, गणपतीला सगळे जमणार असतील, तर कामाला येईल.

आधी मुद्द्याचं. आपण लहानपणी लंगडी, लगोरी, पकडापकडी खेळायचो तेव्हा एखादं अगदी छोटं भावंड मागे लागायचं, मला पण घ्या मला पण घ्या, मग त्याला कच्चा लिंबू करायचो. तो खेळणार, पळणार, ओरडणार, पण आउट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. खेळ मोठ्यांचा मोठ्यांसारखाच चालायचा आणि छोटाही खूश असायचा. मशीनला हा कच्चा लिंबू कळत नाही. ते साडेतीन वर्षांच्या पोरीला आणि १२ वर्षांच्या पोराला एकच नियम लावतं, शेवटी तिचं नाव सगळ्यात खाली दाखवतं, आणि तिला वाचता येत नसलं तरी आपण खाली आहोत हे बरोब्बर कळतं. मग रडारड. म्हणजे कच्च्या लिंबाची सोय आपल्यालाच बाहेरून करायची आहे, आणि सासूबाईंची पण, कारण त्यांना पण पहिल्यांदा खेळताना तीच भीती असते की सगळ्यांसमोर आपलं चुकेल. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं या एका गोष्टीसाठीच आहे.

मशीन कुठलं

सध्या यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे निन्टेन्डो स्विच. २०१७ साली आला, त्याच्या दोन्ही बाजूंना जॉय-कॉन नावाचे दोन छोटे कंट्रोलर असतात, ते सरकवून काढता येतात, आणि त्यांच्या आत हात किती जोरात हलला आणि कुठे वळला हे ओळखणारे सेन्सर असतात. लहान पोरांच्या मुठीत मावतात, हे फार महत्त्वाचं. पण घेताना नीट बघा, स्विच लाइट नावाचं एक स्वस्त मॉडेल आहे त्याचे कंट्रोलर निघत नाहीत आणि ते टीव्हीला पण जोडता येत नाही, पार्टीसाठी ते चालणारच नाही. ओलेड मॉडेल चालतं, साधं चालतं. २०२५ मध्ये स्विच टू आला, त्यावर जुने बहुतेक गेम चालतात, फक्त जुन्या जॉय-कॉन देऊन टाकू नका कारण त्या नव्यालाही वायरलेस जोडता येतात आणि काही जुन्या गेमना त्याच लागतात.

आपल्याकडे निन्टेन्डोची थेट विक्री नाही, बाहेरून आणणारे दुकानदार विकतात, त्यामुळे प्रत्येकाचा भाव वेगळा आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच टीव्हीला लावून दाखवा म्हणा, दोन्ही जॉय-कॉन काढून चालवून बघा, आणि कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायची जी छोटी काडी असते तिला हात न लावता स्क्रीनवरचं आपोआप सरकतंय का ते बघा, डाव्या बाजूच्या काडीला हा त्रास जास्त दिसतो. कोणी परदेशातून येत असेल तर आणायला सांगायला हरकत नाही, स्विचच्या गेमना देशाचं बंधन नाही आणि त्याचा चार्जर आपल्या २३० व्होल्टला चालतो, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो.

निन्टेन्डोचंच आधीचं मशीन, जुना वी, कोणाच्या माळ्यावर असेल तर तो पण काढा! २००६ चं मशीन आहे, त्यासोबत आलेला वी स्पोर्ट्स नावाचा गेम ८ कोटींहून जास्त प्रतींनी जगभर गेला, आणि त्यातलं बोलिंग आजही लहान पोरांसाठी एक नंबर आहे. पण अमेरिकेतून आलेला असेल तर लावायच्या आधी पॉवर अडॅप्टरचं लेबल वाचा, त्यावर नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर थेट आपल्या सॉकेटमध्ये अजिबात घालू नका, जळेल. नव्या टीव्हीला जोडायला एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर लागतो. आणि वीच्या बाबतीत एक गंमतशीर पण खरी गोष्ट, टीव्हीखाली जी सेन्सर बार नावाची पट्टी ठेवतात ती काही सेन्स करत नाही, तिच्यात फक्त न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे दिवे असतात आणि रिमोटच्या तोंडाशी असलेला कॅमेरा ते दिवे बघतो. ज्योतीतून पण तसाच प्रकाश निघतो, म्हणून दिवाळीत टीव्हीच्या आसपास पणत्या ठेवल्या असतील किंवा देवघर त्याच भिंतीला असून समई लावलेली असेल तर स्क्रीनवरचा हात वेड्यासारखा उड्या मारतो. मशीन बिघडलं म्हणून लोक बघत बसतात. पणत्या खिडकीत सरकवा, झालं.

एक्सबॉक्स नावाच्या दुसऱ्या गेम मशीनला जोडायचा किनेक्ट २०१० साली आला होता, हातात काहीच धरायचं नाही, कॅमेराच सगळं अंग बघतो, पोरांना ती जादूच वाटते. पण त्याला एका माणसासाठी साधारण ६ फूट आणि दोघांसाठी ८ फूट मोकळी जागा समोर लागते, फ्लॅटमध्ये तेवढी कुठून आणणार, सोफा बाहेर काढावा लागतो. साडी किंवा घेरदार कपडे असले की पाय कुठे आहेत ते त्याला धड कळत नाही, म्हणजे आज्या बाद. २०१७ मध्ये बनवणंच बंद झालं. असेल तर वापरा, मुद्दाम शोधू नका. अमेरिकेत हल्ली नेक्स प्लेग्राउंड नावाचा कॅमेऱ्यावर चालणारा छोटा चौकोनी डबा मिळतो, तिकडे राहणाऱ्यांना अगदी लहान पोरांसाठी बघायला हरकत नाही, फक्त त्यातल्या बऱ्याचशा गेमसाठी वेगळी वर्गणी भरावी लागते.

आणि घरात प्लेस्टेशन ५ असेल तर नवीन मशीन घ्यायची गरज नाही, जस्ट डान्स नावाचा नाचाचा गेम घ्या, त्यात आपले मोबाइलच कंट्रोलर होतात.

हॉलची तयारी

हे नीट वाचा, कारण लागलं-पडलं सगळं इथेच होतं.

टीपॉय आतल्या खोलीत. सरळ आत. बाजूला सरकवलाय एवढ्याने भागत नाही, पोरं मागे बघत नाहीत, मागे सरकत सरकत जातात आणि पोटरीला टीपॉयची कड लागते. शोकेसची काच, फुलदाणी, पाण्याचे ग्लास, मोबाइल चार्जिंगला लावलेली लोंबती वायर, सगळं उचला. सतरंजी पण काढा, टाइल्सवर सतरंजी सरकते. मोजे काढायला लावा सगळ्यांना, मोठ्यांना पण, गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून कोणी बॅडमिंटनचा स्मॅश मारला की तो थेट जमिनीवर. अनवाणी सगळ्यात बरं. पावसाळ्यात दमट हवेने फरशीला ओल येते तेव्हा आधी एकदा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

पंखा. हा आपल्याच घरातला धोका आहे, बाहेरच्या कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. जमिनीवर उभं राहून सहसा कोणाचा हात पंख्याला लागत नाही, पण पोरं सोफ्यावर, दिवाणावर चढून खेळायला लागतात आणि तिथून वर हात टाकला की पंखा फार लांब नसतो. त्यामुळे नियम एकच, खेळणारा फरशीवर. दिवाणावर बसायचं, उभं राहायचं नाही. बाबाने काकाने खांद्यावर घेऊन खेळवायचं नाही.

मग रेषा. रंगीत चिकटपट्टी घ्या आणि टीव्हीपासून साधारण ५-६ फुटांवर फरशीवर आडवी रेषा मारा, लंगडीच्या मैदानासारखी. छोटी पोरं खेळता खेळता टीव्हीकडे चालत जातात, त्यांना स्क्रीनमधला चेंडू हातानेच मारायचा असतो, आणि "मागे ये मागे ये" हे पन्नास वेळा सांगून ऐकत नाहीत, पण रेषेच्या पुढे गेलं की फाउल हे त्यांना लगेच कळतं कारण हे त्यांच्याच खेळातलं आहे. रेषेच्या मागे प्रत्येक खेळणाऱ्यासाठी खडूने एकेक गोल काढा, दोन गोलांत मोठ्या माणसाचे दोन्ही हात पसरतील एवढं अंतर ठेवा. आमच्या हॉलमध्ये दोनच गोल बसतात. मग एका वेळी दोघंच खेळतात, चार नाही, मशीन चौघांना घेतंय म्हणून चौघांना कोंबायचं नाही. आम्ही पहिल्या वर्षी चौघांना टेनिसला उभं केलं आणि भाच्याचा हात चुलत बहिणीच्या डोळ्याच्या जरा खाली लागला, बर्फ लावून निभावलं, पण त्या दिवसापासून दोन गोल म्हणजे दोन गोल.

बघणारे कुठे बसणार ते पण आधी ठरवा. खेळणाऱ्याच्या मागे नाही, बाजूच्या भिंतीला टेकून. हात मागे जातो ना बोलिंगला! अगदी रांगणारं बाळ घरात असेल तर एका मोठ्या माणसाने ते मांडीवर धरून बसायचं, ती ड्यूटी बदलत राहा.

दोरी, चार्जिंग, जोडणी

वी आला तेव्हा लोकांच्या हातातून रिमोट सुटून टीव्हीवर आदळायला लागले, आणि २००६ च्या डिसेंबरात कंपनीने ३२ लाख मनगटाच्या दोऱ्या बदलून जाड दोऱ्या दिल्या. यामागचं कारण समजून घेतलं की पोरांना समजावणं सोपं जातं. बोलिंगमध्ये हात झुलवता झुलवता बटण सोडायचं असतं, आणि चेंडू सोडतोय असं डोक्यात असलं की बोटं आपोआप अख्खी उघडतात, लहानांची तर हमखास. त्यामुळे दोरी मनगटात, आणि वरची क्लिप घट्ट, हे झाल्याशिवाय पाळी सुरूच करायची नाही. माझी आई यात सगळ्यात कडक आहे, ती दाराशी बसते आणि प्रत्येकाचं मनगट ओढून बघते.

स्विचची दोरी म्हणजे जॉय-कॉनच्या कडेला सरकवायची एक पट्टी असते. पट्टीवर अधिक किंवा वजा अशी खूण असते, जॉय-कॉनवर पण अधिक किंवा वजाचं बटण असतं, अधिकवाली अधिकला आणि वजावाली वजाला. उलटी घातली तर आत जाते पण निघता निघत नाही, आणि पोरं जोर लावून ओढतात. घालायचं काम मोठ्यानेच करा.

एका स्विचबरोबर दोन जॉय-कॉन येतात, म्हणजे बऱ्याचशा पार्टी गेममध्ये दोन माणसं. अजून एक जोडी घेतली तर चार. पण हॉलमध्ये दोनच गोल असतील तर दुसऱ्या जोडीची घाई करू नका, तेवढ्या पैशात एक चांगला गेम येईल. जॉय-कॉन पूर्ण चार्ज व्हायला साधारण साडेतीन तास लागतात आणि मग सुमारे २० तास चालतात, त्या मशीनला लावून ठेवल्या की चार्ज होतात. डब्यात जी प्लॅस्टिकची ग्रिप येते तिच्यात लावून ठेवून चार्ज होत नाही, हे खूप जणांना पार्टीच्या दिवशी कळतं.

डॉक, म्हणजे ज्यात स्विच उभा करतो तो स्टँड, सगळे टीव्हीच्या मागे लपवतात. तिथे नको. जॉय-कॉन ब्लूटूथवर चालतात आणि टीव्ही मध्ये आला, लोखंडी कपाटात ठेवला, किंवा शेजारी फिश टँक असला की सिग्नल तुटतो, मग पोरगं ओरडतं मी मारलं होतं मी मारलं होतं, आणि ते खरंच बोलत असतं. टीव्हीच्या पुढे किंवा बाजूला ठेवा, वायफायच्या राउटरपासून दोन-तीन हात लांब.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधा आणि चालू करा. तो नसला की टीव्ही चित्र सुंदर करत बसतो आणि हात हलवल्यानंतर जरासा उशीर होतो, मोठ्यांना जाणवत नाही पण टेनिसमध्ये सगळेच चेंडू हुकायला लागतात.

हे सगळं, आणि गेम अपडेट करणं, आदल्या रात्री. पोरं समोर बसलेली असताना डाउनलोडची पट्टी पुढे सरकताना बघणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला माहीत.

पहिला गेम बोलिंगच

निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स नावाचा गेम २०२२ मध्ये आला, त्यात बोलिंग, टेनिस, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, फुटबॉल आणि चांबारा म्हणजे तलवारबाजी आहे, नंतर फुकट अपडेटमध्ये गोल्फ आणि बास्केटबॉल आलं. एकच गेम घ्यायचा असेल तर मी हाच सांगेन. आणि सुरुवात बोलिंगनेच करा, याची कारणं आहेत. घाई नाही, प्रत्येकाची पाळी आली की सगळे थांबून बघतात. बटण एकच, मागचं, दाबून धरायचं आणि हात खालून पुढे झुलवायचा. आणि सगळ्यात मोठं, नीट न जमलेला चेंडू पण चार पिन पाडतोच कधी कधी, त्यामुळे साडेतीन वर्षांच्या पोरीचा आणि ७० वर्षांच्या आजीचा पहिलाच चेंडू स्ट्राइक जाऊ शकतो, म्हणजे सगळ्या पिन एका फटक्यात, आमच्याकडे सासूबाईंचा गेला होता, पूर्ण हॉल उभा राहिला होता टाळ्या वाजवायला.

आता कच्च्या लिंबाची व्यवस्था. बोलिंगमध्ये प्रत्येक फ्रेमला, म्हणजे दर पाळीला, दोन चेंडू मिळतात. तर एका खेळाडूच्या जागी एक जोडी धरायची, एक छोटं आणि एक मोठं. पहिला चेंडू छोट्याचा, उरलेल्या पिन पाडायला दुसरा चेंडू मोठ्याचा. हा क्रम उलटा करू नका, मोठ्याने आधी टाकला आणि स्ट्राइक गेला तर दुसरा चेंडू मिळतच नाही आणि छोट्याची पाळीच बुडते. छोट्याने आधी टाकला की त्याची पाळी दर फ्रेमला नक्की, आणि मोठ्याला पण मजा, कारण छोट्याने अशक्य कोपऱ्यातल्या पिन ठेवलेल्या असतात, त्या पाडायला कस लागतो. असे चार खेळाडू धरले की आठ माणसं खेळतात, कोणी बाहेर बसत नाही, आणि हरलं तरी जोडी हरते, पोरगं एकटं हरत नाही. जोड्या लावताना सख्खी भावंडं एका जोडीत टाकू नका, आत्या-भाचा, आजी-नात, काका-पुतणी असं लावा, कारण सख्ख्या भावंडांत जॉय-कॉनची ओढाओढ होते.

चार वर्षांच्या आतल्या पोराला मागचं बटण दाबून धरणं जमत नाही, बोट पोचतं पण सुटतं. तिथे मोठ्याने मागून त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची, बटण आपण दाबायचं आणि झोका त्याला घेऊ द्यायचा. झोका त्याचाच हवा बरं का! काही बाबा लोक पोराचा हात धरून स्वतःच खेळतात, पोराला कळतं ते.

काही घरांत बघितलंय, छोट्याला बंद कंट्रोलर हातात देतात आणि सांगतात तू पण खेळतोयस. मला ते पटत नाही. दोन-अडीच वर्षांचं असेल तर चालेलही, पण तीनच्या पुढे त्याला पाच मिनिटांत समजतं की आपण हात हलवला तरी काही होत नाही, आणि मग ते जे हिरमुसतं ते पुढच्या खऱ्या पाळीलाही उठत नाही. कच्चा लिंबू आणि फसवणूक यात फरक आहे, कच्चा लिंबू खरंच मैदानात असतो.

बोलिंगनंतर टेनिस घ्या. यात खेळाडू आपला आपण धावतो, आपण फक्त वेळेवर हात मारायचा, त्यामुळे पाच वर्षांच्या पुढच्यांना जमतं. मोठे नव्याने खेळताना अख्खा खांदा फिरवतात, गरज नसते, मनगट आणि कोपर पुरतं, हे आजोबांना नक्की सांगा, दुसऱ्या दिवशी खांदा धरतो. बॅडमिंटन आणि तलवारबाजी दोघांचीच, ती मोठ्या पोरांना जेवणानंतर द्या. व्हॉलीबॉलला उडी, पास, स्मॅश सगळं वेळेत लागतं, लहानांना कंटाळा येतो. फुटबॉलमध्ये शूटआउट नावाचा प्रकार आहे, मांडीला पट्ट्याने जॉय-कॉन बांधून खरंच लाथ मारायची, पोरांना वेड लागतं त्याचं, पण लाथेच्या वाटेत तीन-चार फुटांत काही नको, आणि पट्टा गेमच्या डब्यात आलाय ना ते घेताना बघा.

आज्यांसाठी अजून एक

१-२-स्विच नावाचा गेम मशीनबरोबरच २०१७ ला आला, त्याला लोकांनी बरीच नावं ठेवली, पण मला तो आपल्या घरांसाठी फार आवडतो. यात टीव्हीकडे बघायचंच नाही, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. एकात गायीचं दूध काढायचं, एकात काउबॉयसारखं कोण आधी हात वर काढतो ते, एकात जॉय-कॉन हळूच कलती करून आत किती गोट्या आहेत ते नुसत्या थरथरण्यावरून ओळखायचं, आणि एकात अख्खं मशीन हातात घेऊन रडणाऱ्या बाळासारखं झुलवून झोपवायचं. इंग्रजी वाचायची गरज जवळजवळ नाही, आधी एक छोटा व्हिडिओ दाखवतात. आमच्या सासूबाईंनी गावाकडे खरंच गाई काढल्यात, त्यांनी नातवाला सांगितलं की अरे असं ओढत नाहीत, वरून बोटं मिटत खाली यायचं, आणि स्क्रीनवर पण त्याच जिंकल्या. तासभर मग गाय, वासरू, धारा याच गप्पा. टेनिसच्या वेळी त्या "मला नको, तुम्ही खेळा" म्हणत होत्या.

ज्येष्ठांना खेळवताना पहिल्यांदा सगळ्यांसमोर उठवू नका, दुपारी पोरं झोपलेली असताना एकदा दोन चेंडू टाकून दाखवा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून बोलिंग छान होतं, फक्त हात नसलेली खुर्ची घ्या, झोका अडायला नको. साडीचा पदर खोचून.

नाच, आणि खालच्या मजल्यावरची माणसं

जस्ट डान्समध्ये एकदम सहा जण नाचू शकतात आणि तो फक्त उजव्या हाताची हालचाल मोजतो, पाय काय करतायत ते त्याला कळतच नाही. हे पोरांना सांगू नका पण मोठ्यांना सांगा. म्हणजे जागा कमी असेल, पाय दुखत असेल, बसून असाल, तरी मार्क मिळतात. छोट्यांसाठी बऱ्याच आवृत्त्यांत वेगळी सोपी गाणी असतात, तिथून सुरू करा. २०२३ पासूनच्या आवृत्त्यांच्या डब्यात कार्ड नसून कोड असतो, तो ज्या देशाचा असेल त्या देशाचं अकाउंट लागतं, घेताना विचारून घ्या आणि आधीच डाउनलोड करून ठेवा.

तुम्ही पहिल्या मजल्यावर किंवा वर राहत असाल तर दहा पोरांच्या उड्या खाली कशा ऐकू जातात ते एकदा खाली जाऊन स्वतः ऐका. मी ऐकलंय. त्या दिवसापासून नाच संध्याकाळी पाच ते सात, दुपारी दोन ते चार फक्त बोलिंग, आणि वाढदिवस असेल तर आदल्या दिवशी खालच्या काकूंना सांगून यायचं, केक पण पाठवायचा. त्यांची नातवंडं आता खेळायला वर येतात.

मारिओ पार्टी बद्दल विचारतात बरेच जण. चांगला आहे, पण बोर्डवाला, म्हणजे फासे टाकून घरं पुढे जायचा डाव तासावर जातो आणि लहानांचा जीव तोवर टिकत नाही, त्यामुळे त्यातले नुसते छोटे छोटे मिनी गेम निवडून खेळा. २०१८ च्या सुपर मारिओ पार्टीत असे ८० आहेत आणि तो फक्त जॉय-कॉननेच खेळता येतो, प्रत्येकाला एक. वॉरिओवेअर नावाचा गेम सात-आठ वर्षांच्या आतल्यांना देऊ नका, काही सेकंदांत एक गेम संपून दुसरा येतो, ती भांबावून जातात.

पाळी आणि भांडणं

पाळी कागदावर लिहा आणि टीव्हीशेजारी चिकटवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं चित्र काढा, आमच्या धाकटीचं चित्र मासा आहे. पहिली पाळी कोणाची ते हात टाकून सुटून ठरवा, मोठ्यांनी ठरवलं की पक्षपात होतो असं वाटतं आणि सुटून ठरलं की कोणी बोलत नाही. जो खेळत नाही त्याला काम द्या, एक जण दोरी बघणार, एक गुण फळ्यावर लिहिणार, एक टाळ्यांचा प्रमुख. फळ्यावर मशीनचे आकडे लिहू नका, तिथे आपले लिहा: स्ट्राइकला तारा, चेंडू बाजूच्या नाळीत गेला तरी हसत परत आला त्याला तारा, दुसऱ्याला दोरी लावून दिली त्याला तारा. १२ वर्षांच्या पुतण्याला सुरुवातीला हे पटलं नव्हतं, त्याला खरे गुण हवे होते, आणि त्याचंही बरोबर आहे, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर एक तास फक्त आठच्या पुढच्यांचा खरा सामना ठेवतो, मशीनच्या गुणांवर, त्यात कोणालाही सूट नाही, मला पण नाही. त्यामुळे दिवसा तो छोट्यांना स्वतःहून शिकवतो.

साधारण पाऊण तास झाला की बंद करून पाणी, कैरीचं पन्हं, काहीतरी खाणं. खाऊन झाल्यावर हात धुऊनच जॉय-कॉन धरायची, वेफर्सचा तेलकट हात आणि जोरात झोका हे एकत्र नको. कोणाला गरगरल्यासारखं, मळमळल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबवा. फिट येण्याचा त्रास कोणाला असेल तर लखलखत्या स्क्रीनमुळे तो होऊ शकतो, बोलावतानाच पालकांना विचारा.

मध्येच काही बिघडलं तर

हात सरळ असूनही स्क्रीनवरची बॅट तिरकी जायला लागली तर जॉय-कॉन सपाट जागेवर ठेवून सिस्टिम सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या यादीतून मोशन कॅलिब्रेट करा, एक मिनिटाचं काम आहे. जोडी तुटली तर कडेला जे छोटं गोल बटण आहे ते दाबून ठेवा आणि कंट्रोलरची ऑर्डर बदलायच्या स्क्रीनवर जाऊन परत जोडा, उभी धरून खेळायचं असेल तर वरची बटणं दाबायची, आडवी असेल तर कडेची दोन्ही एकदम. डावखुऱ्या पोराला सुरुवातीलाच डावा हात निवडून द्या, नाहीतर ते बिचारं दिवसभर चुकत राहतं आणि कोणाच्या लक्षातच येत नाही.

लाइट गेली तर? स्विचला स्वतःची बॅटरी आहे, डॉकमधून काढा, मागची टेकणी उघडून स्टुलावर उभा करा, जॉय-कॉन हातात, आणि १-२-स्विच लावा. त्यात स्क्रीनकडे बघायचं नसतंच. मागच्या मे मध्ये आमच्याकडे संध्याकाळी दीड तास लाइट नव्हती, मेणबत्तीच्या उजेडात सासूबाई आणि धाकटी समोरासमोर बसून गायीचं दूध काढत होत्या, बाकी सगळे पोरं गोल करून भोवती, आणि लाइट आल्यावर कोणी टीव्ही लावायला उठलंच नाही बराच वेळ.

रात्री झोपायच्या आधी दोऱ्यांचं लॉक उघडून त्या काढा, जॉय-कॉन कोरड्या मऊ फडक्याने पुसा, ओलं काही नको, आणि परत मशीनला सरकवून डॉकमध्ये ठेवा. सकाळी सातला पहिलं माणूस उठून विचारतंच, तोवर चार्ज झालेल्या असतील.